निरोप सांगणारा एगबर्ट वोल्टरिंक

एगबर्ट वोल्टरिंक हे नाव तुम्ही ऐकलं असेल, तर बहुधा चुकीच्या कारणाने ऐकलं असेल. म्हणून आधी मी त्याच्याबद्दल काही साध्या गोष्टी सांगते. त्याच्याकडे चाळीसएक गायी आहेत. गावातल्या बँडमध्ये तो मोठा ढोल वाजवायचा. सायकलवरून जाताना समोरून कोणी ओळखीचं आलं, की हा उतरल्याशिवाय बोलत नाही. सायकलवर बसून बोलणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. त्यामुळे जवळच्या दुकानात पाव आणायला गेला तरी त्याची अर्धी सकाळ जायची. लग्न केलं नाही. सीमेपलीकडच्या एका जर्मन मुलीशी ठरत आलं होतं, पण तिला त्याच्या आईबरोबर राहायचं नव्हतं, आणि आईला तर कोणाहीबरोबर राहायचं नव्हतं.

मी रीकी. आमचं घर त्याच्यापासून तिसरं. माझा नवरा बेनी आणि एगबर्ट शाळेत एका बाकावर बसायचे आणि एकमेकांचं बघून तेच गणित चुकवायचे. आमच्या भागात कोणाचं फार कौतुक करायचं असेल तर 'याहून वाईट निघाला असता' एवढं म्हणतात. एगबर्टबद्दल सगळे तसं म्हणायचे. त्याच्यावर वाडीचा किती जीव होता, ते यावरून ओळखा.

आमच्याकडे पहिला शेजारी ही आवडीनिवडीची गोष्ट नाही. पणजोबांच्या काळापासून घराला घर बांधलेलं आहे. वोल्टरिंकांचे पहिले शेजारी लान्सिंक, आणि लान्सिंकांचे वोल्टरिंक. बांधावरून कोर्टात गेलेले असले तरी लग्नाच्या वेळी दारावर हिरव्या फांद्यांची कमान बांधायला पहिला शेजारीच येणार. आणि मरण आलं की घरच्यांनी नुसतं बसायचं, बाकी सगळं पहिल्या शेजाऱ्याने बघायचं. घराघरांत जाऊन निरोप सांगायचा, पेटीला खांदा कोण देणार ते ठरवायचं, मयताच्या पुढे चालायचं, नंतर सगळ्यांना कॉफी ओतायची. खांदा द्यायला पैसे देऊन माणसं आणणं शहरात चालतं. आमच्याकडे त्याची लाज वाटते.

निरोप सांगायचेही नियम आहेत. काळा कोट घालायचा. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आत यायचं नाही, कॉफी घ्यायची नाही. ठरलेलं वाक्य म्हणायचं आणि निघायचं. कोणी काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही. निरोप सांगणारा त्या वेळी स्वतःच्या तोंडाने बोलत नसतो, त्या घराच्या तोंडाने बोलत असतो. घरच्यांचं अजून रडून व्हायचं असतं. त्यांच्याआधी याने रडणं म्हणजे यजमानाच्या आधी जेवायला बसल्यासारखं.

मार्लेन लान्सिंक तिशीतली. शहरातल्या दातांच्या दवाखान्यात कामाला होती, आणि रस्त्यात भेटली तरी तिची नजर आधी आपल्या दातांवर जायची. वडील योहान बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले. घरात ती आणि तिची आई हेर्मीन. दर रविवारी दुपारी मार्लेन जुन्या वाटेने मावशीकडे चालत जायची. त्या वाटेला आम्ही मयताची वाट म्हणतो, कारण वाडीतली मयतं पूर्वापार तिथूनच चर्चकडे नेतात. नाव असं असलं तरी वाट गोड आहे. दोन्ही बाजूंना ओक, मधे वाळू. आम्ही सगळ्याजणी लहानपणापासून तिथून एकट्या गेलोय, एकट्या आलोय. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मार्लेन मावशीकडे पोचलीच नाही. कुत्रा फिरवणाऱ्या एका माणसाला ती ओकांमागच्या चरात सापडली. गळा दाबलेला होता. याहून जास्त मी सांगणार नाही. ज्यांना जास्त हवंय त्यांच्यासाठी इंटरनेट आहे.

पोलीस हेर्मीनला सांगायला आले. ते अजून स्वयंपाकघरात बसलेले असतानाच ती उठली, अंगण ओलांडून एगबर्टच्या गोठ्यात गेली. तिथे दूध काढणं चाललं होतं. ती म्हणाली, "एगबर्ट, आमची मार्लेन गेली. तू सांगून ये." त्याने यंत्र बंद केलं, हात धुतले, काळा कोट चढवला आणि निघाला.

आमचं दार मीच उघडलं. तो पायरीवर उभा होता. "हेर्मीन लान्सिंकच्या वतीने सांगतो, तिची मुलगी मार्लेन आज वारली. दफन कधी ते कळवतो."

"काय? कशी? एगबर्ट, अरे काय झालं?"

तो वळला. गोठ्यातल्या सवयीने हात कोटाला पुसले आणि पुढच्या घराकडे गेला. त्याने असंच वागायला हवं होतं. योहान गेला तेव्हाही तो असाच वागला होता, आणि त्याआधी कित्येक वेळा त्याचा बाप. त्यात कोणाला कधी काही विशेष वाटलं नव्हतं.

पण वाडीच्या टोकाचं घर तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमहून आलेल्या एका जोडप्याने घेतलं होतं, आणि त्यांच्या दारावर कॅमेरा होता. माणसं वाईट नव्हती. भेदरून त्यांनी तो व्हिडिओ एका मैत्रिणीला पाठवला, 'हा कोण, आणि हे आम्हाला का सांगतोय' म्हणून. मैत्रिणीने आणखी कोणाला पाठवला. पोलिसांनी मार्लेनचं नाव जाहीर केलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. दफन होऊन गेलं, एगबर्टने पहिल्या शेजाऱ्याचं सगळं काही रीतसर पार पाडलं, आणि त्यानंतर तो व्हिडिओ देशभर पसरला. नाव जाहीर व्हायच्या आधी ह्या माणसाला कसं कळलं? रडत का नाही? हात कसले पुसतोय?

हेर्मीनने पोलिसांना सांगितलं होतं की मीच त्याला पाठवलं. पोलिसांनी तसं जाहीरही केलं. लोक म्हणाले, बिचारी आई, धक्क्यात आहे, तिला काय आठवणार.

मग जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. पोलंडचा ट्रक ड्रायव्हर, मार्लेनचा कॉलेजातला जुना मित्र, हिरव्या जाकिटातला माणूस, निर्वासितांच्या छावणीतलं कोणीतरी, संशयाची पाळी एकेकावर आली. हेगहून दिव्यदृष्टी असल्याचं सांगणारी एक बाई लोलक घेऊन आली आणि डोळे मिटून वाटेवर फिरली. तिला पाणी दिसलं. आमच्या देशात डोळे मिटून कुठेही फिरा, पाण्यातच पडाल. उट्रेख्टच्या एका हुशार माणसाने पॉडकास्ट काढला, त्यात एगबर्टला नाव दिलं 'कोरडा माणूस'. शनिवार-रविवारी गाड्या यायला लागल्या. लोक घड्याळ लावून वोल्टरिंकांच्या गोठ्यापासून त्या जागेपर्यंत चालून बघायचे. एक बाई तर मुलांना घेऊन आली होती, सँडविचचा डबा बांधून.

"पोरांना काय दाखवताय?" मी तिला विचारलं.

"सावध राहायला शिकवतेय."

त्यावर मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाहेरच्यांचं मी एक वेळ समजू शकते. त्यांना पहिला शेजारी म्हणजे काय ते ठाऊक नाही. पण आमचं काय? हा माणूस काळा कोट घालून ज्यांच्या दारात आधीही उभा राहिला होता, ती माणसंसुद्धा तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायला लागली. स्वतःच्या दारात बघितलेलं विसरली आणि फोनवर बघितलेलं खरं मानू लागली.

बेकरीत एकदा रांग लागली होती. बेकरीवाली पाव कापता कापता म्हणाली, "नियम आहे, मान्य. पण माणसाला इतका कसा पाळता येतो नियम?"

"म्हणजे रडला असता तर चाललं असतं?" मी म्हटलं.

"रडायचं नसतं गं. पण थोडा आवाज तरी कापायला हवा होता."

"आणि पन्नाशी उलटलेला गडी," बेनी माझ्या मागून बोलला, "ना बायको, ना कोणी, आईच्या पदराला धरून. डोक्यात काय चालत असेल, देव जाणे."

"तुझ्या डोक्यात काय चालतं ते मला इतकी वर्षं संसार करून कळलेलं नाही, बेनी. मी केला का पोलिसांना फोन?"

सगळे हसले. हसले, आणि मग पुन्हा तेच बोलायला लागले.

पोलिसांनी एगबर्टला दोनदा बोलावलं. त्या रविवारी दुपारी तो घरी झोपला होता. साक्षीदार त्याची आई डीना, आणि तीही शेजारच्या खुर्चीत घोरत होती. त्याच्याविरुद्ध काही नाही, असं पोलिसांनी सांगून टाकलं. पण तो रविवारी दुपारी झोपला होता हे सिद्ध कसं करणार? आमच्या वाडीत रविवारी दुपारी सगळेच झोपतात.

तोंडावर त्याला कोणी काही बोललं नाही. तेच जास्त वाईट होतं. बँडवाल्यांनी 'जरा विश्रांती घे' म्हणून ढोल दुसऱ्याच्या गळ्यात घातला. रस्त्यात हा सवयीप्रमाणे सायकलवरून उतरायचा, आणि समोरचा नुसता हात हलवून पुढे निघून जायचा. हा तसाच सायकल धरून उभा. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय आणि मला त्या समोरच्याला ओढून खाली पाडावंसं वाटलं होतं. पुढे पुढे एगबर्ट सीमेपलीकडे जर्मनीत जाऊन सामान आणायला लागला. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं.

एकदा मी चिडून त्याच्या गोठ्यात गेले. "अरे, काहीतरी बोल की! त्या पॉडकास्टवाल्याला सांग, आपल्याकडे काय पद्धत आहे ती."

तो गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "आणि पुढे काय सांगू? मी मारलं नाही?"

"हो, तेच सांग!"

"तसं सांगणारी माणसं टीव्हीवर बघितलीयेस ना तू, रीकी? कशी दिसतात?"

ती कशी दिसतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

हेर्मीनच्या दाराकडे तर तो फिरकायचाच नाही. व्हिडिओ पसरल्यापासून दोघं एकमेकांशी बोलली नव्हती. अंगणाला अंगण लागून, हिच्या चुलीवरचा वास त्याच्या घरात जाणार, पण बोलणं नाही. त्याला वाटायचं, कुठल्या तोंडाने जाऊ. ती तर घराबाहेरच पडायची नाही. आणि वाडी म्हणायची, बघा, आईलाही संशय आहे. तिला कोणी विचारलं नव्हतं.

डीना नव्वदीला टेकली होती. पाय गेलेले, जीभ शाबूत. मी आठवड्यातून एकदा तिचे केस धुवायला जायची. एकदा डोक्याला टॉवेल गुंडाळलेला असतानाच तिने मला विचारलं, "रीकी, मला कोण नेणार गं?"

"काय बोलता, डीना! अजून शंभर वर्षं—"

"लाडीगोडी नको लावूस. मला लान्सिंकांनी न्यायचं. तिथे आता हेर्मीन एकटी. ती येईल माझ्या पोराच्या दारात?" तिने माझं मनगट धरलं. "मला भाड्याच्या माणसांच्या खांद्यावर नका पाठवू. घड्याळात बघत चालतात मेले. आणि मी तशी गेले ना, की माझा पोरगा ह्या वाडीत राहिला नाही असं समज. त्याला मग गायी विकून कुठेतरी जावं लागेल. तो दुसरीकडे कुठे जगेल?"

मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण ते तिचं समाधान होण्यासारखं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

डीना मार्च महिन्यात गेली. मार्लेनला जाऊन तेव्हा अडीच वर्षं होत आली होती. सकाळी एगबर्ट आमच्या मागच्या दाराशी आला. टोपी हातात.

"आई गेली. पहाटे, झोपेत. शहरातल्या कंपनीला फोन केलाय. ते माणसं पाठवतात."

"हेर्मीनला सांगितलंस?"

"नाही."

"एगबर्ट, पहिली शेजारीण—"

"रीकी, त्या दारात उभा राहून मी काय म्हणू?" त्याचा आवाज चढला. तो चढलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. "माझं माणूस गेलंय, तू काळा कोट घाल आणि फिर? तिला सांगू असं? हेर्मीनला?" मग खाली बघून म्हणाला, "कंपनीची माणसं बरी आहेत म्हणतात."

मी त्याला म्हटलं, फोन करून त्यांना दुपारपर्यंत थांबव. आणि हातातलं काम टाकून लान्सिंकांकडे गेले.

हेर्मीन बटाटे सोलत होती. मी सांगितलं. तिची सुरी थांबली.

"कधी?"

"पहाटे."

"आणि तो मला सांगायला आला नाही?" ती चिडली होती. मी वाटेत कशाकशाची तयारी केली होती, पण रागाची केली नव्हती. "माझ्याआधी तुला कळलं? त्याची पहिली शेजारीण कोण, तू की मी?"

"त्याला वाटतं, तुला कदाचित…"

"मला काय वाटतं ते मला कोणी विचारलं आहे का? अडीच वर्षं सगळे इथे येतात ते काहीतरी द्यायला. सूप आणतात, केक आणतात, आणि निघताना हळूच एक नाव ठेवून जातात. अमक्यावर लक्ष ठेव, तमक्याची गाडी त्या दिवशी कुठे होती विचार. तुझा बेनीपण एक ठेवून गेलाय. कोणी काही मागायला येत नाही माझ्याकडे. जणू मीच मेलेय."

बेनीचं मला माहीत नव्हतं. त्याच्याकडे मी घरी गेल्यावर बघणार होते.

मग मी विचारलं, कारण मला राहवलं नाही. "हेर्मीन, तुला खात्री आहे ना, की तो नाही?"

तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला.

"नाही," ती म्हणाली. "मला कोणाचीच खात्री नाही. दुकानात रांगेत उभी असते ना, तेव्हा पुढच्या माणसाच्या मानेकडे बघते आणि मनात विचारते, तू? पाववाला, पाद्री, तुझा नवरा. सगळ्यांना विचारून झालंय माझं. एगबर्टलाही विचारलंय, रोज विचारते, खिडकीतून दिसला की. कोणी उत्तर देत नाही. मग काय करू? कळेपर्यंत वाडीतलं मयत उचलायचं नाही? त्या माणसाने माझी पोर नेली, रीकी. शेजारही त्यालाच देऊन टाकू?"

तिने हात पुसले. "वर कपाटात योहानचा काळा कोट आहे, तो आण. माझा आता मला बसत नाही."

निरोप सांगत बाई फिरलेली आमच्या वाडीत कोणाला आठवत नाही. नवऱ्याचा कोट तिच्या गुडघ्यांखाली येत होता, बाह्या तिने दुमडल्या होत्या. आमच्या दारात आली तेव्हा मी घरी पोचले होते, पण मी मुद्दाम बेनीला दार उघडायला लावलं.

"एगबर्ट वोल्टरिंकच्या वतीने सांगते, त्याची आई डीना आज वारली. दफन गुरुवारी दुपारी. बेनी, तू डाव्या बाजूला, पुढे."

बेनी दाराला धरून उभा. "हेर्मीन… तू? त्याच्यासाठी? आत तरी ये, बस जरा."

उत्तर द्यायचं नसतं. तिने दिलं नाही. तिचे डोळे कोरडे होते, आवाज जराही कापला नव्हता, आणि बेनीने ते सगळं अगदी जवळून बघितलं. ती पुढच्या घराकडे वळली तरी तो दार लावेना.

"माझ्या काळ्या कोटाला इस्त्री आहे का?" शेवटी त्याने विचारलं.

"इस्त्री कुठे आहे ते तुला माहीत आहे," मी म्हटलं.

टोकाच्या घरातल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या बाईने तो कॅमेरा केव्हाच काढून टाकलाय. दारात हेर्मीनला बघून ती रडायलाच लागली, असं नंतर तिनेच सांगितलं. हेर्मीनने आपलं वाक्य पुरं केलं आणि निघून आली.

गुरुवारी खांद्याला दोघं आले नाहीत. एकाची पाठ धरली होती आणि एकाची गाय व्यायला झाली होती. नावं लिहीत नाही, त्यांची त्यांना माहीत आहेत. बाकीचे सगळे आले. बेनीने हेर्मीनच्या कानाशी लागून विचारलं, "डांबरी रस्त्याने नेऊ या का? म्हणजे, तुला त्रास नको…"

"डीना डांबरी रस्त्याने गेली तर उठून बसेल," हेर्मीन म्हणाली.

ती पुढे चालली. मागे पेटी, पेटीमागे एकटा एगबर्ट, मग आम्ही. त्या जागेपाशी आलो तेव्हा कोणाला कुठे बघावं कळेना. ज्यांनी त्या जागेबद्दल अडीच वर्षं तोंडाला खीळ घातली नव्हती, ते आपापल्या बुटांकडे बघत होते. हेर्मीन थांबली नाही, पावलं हळूही केली नाहीत. ओकांच्या मधून वारा येत होता आणि वाळूवर बुटांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

दफनानंतर चर्चच्या सभागृहात कॉफी. हॅमचे पाव, चीजचे पाव, मनुकांचा पाव लोणी लावून. हेर्मीनने एप्रन बांधून स्वतः सगळ्यांना कॉफी ओतली. लोक एगबर्टपाशी जाऊन हात मिळवत होते. काहींनी नीट मिळवला, काहींनी गरम भांड्याला लावावा तसा लावला. पण मिळवला सगळ्यांनी, कारण कॉफीची किटली घेऊन हेर्मीन तिथेच उभी होती.

दूध काढायची वेळ झाली तसा एगबर्ट उठला. गायींना मरणाबिरणाचं काही नसतं. त्याने सगळ्यांचे आभार मानले, दोन वाक्यांत. हेर्मीननेही एप्रन सोडलं. "मीही निघते. पाय भरून आलेत."

लगेच दोघातिघांनी गाडीच्या किल्ल्या काढल्या. बेनी सर्वांत आधी.

"नको," ती म्हणाली. "मी चालत जाणार. वाटेने."

मार्लेननंतर त्या वाटेने कोणी बाई एकटी गेलेली नाही. मीही नाही. अशा वेळी कोणताही पुरुष सहज म्हणाला असता, चल, मी येतो सोबत. तिथे असलेल्यांपैकी कोणालाही ते म्हणता आलं असतं. एगबर्टचं घर तिच्या घराला लागून, जायचं त्याच बाजूला, आणि त्या एकट्यालाच ते म्हणता येत नव्हतं. तो दाराशी टोपी फिरवत उभा होता, कोणाकडे बघत नव्हता.

"एगबर्ट," हेर्मीन म्हणाली, "एकाच ठिकाणी जायचंय आपल्याला. दोघांनी वेगवेगळं कशाला चालायचं?"

"हेर्मीन, लोक…"

"लोक कॉफी पितायत."

ती निघाली. तो क्षणभर थांबला आणि तिच्या मागोमाग गेला. दोघं काळ्या कोटात, मधे हातभर अंतर ठेवून, रस्ता ओलांडून वाटेला लागली. आम्ही सगळे खिडक्यांशी उभे. ओक सुरू झाले तशी ती दिसेनाशी झाली.

कोणी खाली बसलं नाही. बेकरीवालीच्या हातात पाव तसाच राहिला. कोणीतरी म्हणालं, "तिचे पाय दुखतायत, म्हणजे वेळ लागेल." कोणीतरी म्हणालं, "हो, बोलत गेले तर आणखीच लागेल."

"मागून कोणीतरी जाऊ या का?" बेनी म्हणाला. "सहज?"

"खाली बस," मी म्हटलं. पण मीही खिडकीपासून हलले नव्हते, खोटं कशाला सांगू. हेर्मीननेच मला सांगितलं होतं की तिला खात्री नाही. ते मला एकटीला माहीत होतं, आणि ते मी कोणाला सांगू शकत नव्हते.

माझा फोन वाजला तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या.

"रीकी," हेर्मीन म्हणाली, "मनुकांचा पाव उरलाय ना? दोन-चार तुकडे बांधून आण. त्याने दिवसभर काही खाल्लेलं नाही, आणि माझ्या घरी काल संपला. दूध काढून झालं की येतो म्हणालाय माझ्याकडे."

मी फोन ठेवला. अख्खं सभागृह माझ्याकडे बघत होतं.

"पोचली," मी म्हटलं.

आणि सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. पाद्रीने, बेकरीवालीने, थोड्या वेळापूर्वी त्याच्या आईला खांदा दिलेल्या माणसांनी. माझ्याही तोंडून तो निघून गेला होता. कोणी वाईट नव्हतं त्यात, सगळी भली माणसं. मला इतकं वाईट वाटलं की मी वळून पाव कापायला घेतला आणि सुरी हातात धरून रडायलाच लागले. उद्या सकाळी एगबर्टला ह्याच माणसांत उठायचं होतं.

बेनी जवळ आला. "अगं, काय झालं? पोचली ना ती? आम्हाला माहीतच होतं, पोचणार म्हणून."

मी पाव कागदात बांधला आणि त्याच्या हातात ठेवला.

"जा. हेर्मीनच्या घरी एगबर्टला देऊन ये. आणि तिथे बसून एक कप कॉफी घे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग गेला. गाडीने गेला, पण गेला.